द्रावकाविना रंग: धातूच्या भागांना पावडर कोटिंग कधी करावे आणि कधी टाळावे

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा पत्र्याच्या कामाचा छोटा कारखाना आहे. इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या, यंत्रांची झाकणे, ब्रॅकेट, स्टँड असे भाग आम्ही बनवतो. नव्या ग्राहकाला दरपत्रक पाठवले की कटिंग, बेंडिंग आणि वेल्डिंगचे दर त्याला सहसा पटतात. तो अडतो तो पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजण्याच्या, ओळीपाशी, आणि साधा स्प्रे मारून दिला तर काय बिघडेल, असे विचारतो. प्रश्न रास्त आहे. कोटिंगच्या माहितीपत्रकांत टिकाऊ, आकर्षक, किफायतशीर, पर्यावरणपूरक अशी विशेषणांची जी माळ असते, तिने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण तीच माळ कोणत्याही रंगाच्या डब्यावर छापलेली सापडते. पावडर कोटिंगचे जे फायदे खरे आहेत, ते सगळे मला एकाच गोष्टीपासून निघालेले दिसतात: या रंगात द्रावक, म्हणजे आपल्या बोलण्यातले थिनर, नसते. त्याच्या ज्या अडचणी आहेत त्याही बहुतेक तेथूनच येतात, आणि म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

आपल्या ओळखीच्या सिंथेटिक इनॅमलचा डबा घेतला तर त्यातला साधारण निम्मा भाग धातूवर राहतच नाही. फवारण्यासाठी वरून थिनर घातले की राहणारा भाग आणखी कमी होतो. रंग ओला असताना जाड दिसणारा थर वाळल्यावर पंचवीस-तीस मायक्रॉनवर येतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एकाच हातात जाड थर देण्याचा प्रयत्न केला तर उभ्या पत्र्यावर ओघळ येतात, किंवा वरचा पापुद्रा आधी वाळून आत अडकलेले थिनर पुढे फोड आणते. म्हणून रेड ऑक्साइड, त्यावर लांबी (खड्डे भरणारी पुट्टी), घासकाम, मग पहिला हात आणि दुसरा हात अशी साखळी तयार झाली, आणि प्रत्येक कडीत वाळण्यासाठी वेळ, जागा आणि धूळ बसू नये याची चिंता आली.

पावडरीत हे सारे आधीच उरकलेले असते. रेझिन (थर बनवणारी राळ), त्याला घट्ट करणारा हार्डनर, रंगद्रव्य, बेरियम सल्फेटसारखे भरणद्रव्य आणि थर नीट पसरावा म्हणून थोडी मिश्रके, असा सगळा ऐवज कोरडाच मिसळून एक्स्ट्रूडरमध्ये वितळवून एकजीव करतात, थंड रोलरवर त्याचा पातळ पापुद्रा काढतात आणि तो दळतात. तयार भुकटीचे कण सरासरी तीस ते पन्नास मायक्रॉनचे असतात, आणि प्रत्येक कणात संपूर्ण रंग असतो. जर्मनीत १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात एर्विन गेमर यांनी ही कल्पना व्यवहारात आणली, तेव्हा तापवलेली वस्तू हवेने तरंगत्या ठेवलेल्या भुकटीत बुडवत असत. थर बराच जाड, कित्येकदा २०० मायक्रॉनच्या वर बसे, आणि उपयोग मुख्यतः विद्युतरोधन किंवा गंजरोधन एवढ्यापुरता होता. थंड वस्तूवर स्थिरविद्युतेच्या साहाय्याने भुकटी फवारण्याचे तंत्र १९६०च्या दशकात आले, तेव्हा कुठे साठ-सत्तर मायक्रॉनचा, दिसायलाही चांगला थर शक्य झाला.

या तंत्राची गंमत भुकटी फवारणाऱ्या बंदुकीत आहे. तिच्या टोकाशी साधारण ६० ते १०० किलोव्होल्ट इतका दाब असतो, पण प्रवाह काही मायक्रोअँपिअर एवढाच. त्या टोकाजवळून जाताना कणांवर विद्युतभार चढतो, आणि हँगरवर टांगलेला भाग अर्थिंगला जोडलेला असल्यामुळे कण त्याच्याकडे ओढले जातात. पाइप किंवा जाळीच्या बाबतीत समोरून फवारले तरी मागच्या बाजूलाही पावडर वळून बसते. एखाद्या जागी थर पुरेसा झाला की तेथील भार नव्या कणांना दूर लोटतो, त्यामुळे जाडी काही प्रमाणात आपोआप आवरली जाते. ब्रशने किंवा साध्या स्प्रेने हा सारखेपणा आणायला फार तयारीचा कारागीर लागतो. पावडरीत मध्यम कौशल्याच्या माणसाकडूनही ६० ते ८० मायक्रॉनचा बऱ्यापैकी एकसारखा थर एकाच हातात मिळतो. माझ्या दृष्टीने कारखानदाराला होणारा हा पहिला मोठा फायदा आहे, कारण कसबी रंगारी दर दिवाळीनंतर परत येईलच, याची खात्री आता कोणी देऊ शकत नाही.

येथे एक अट मात्र आहे: अर्थिंग खरोखर असले पाहिजे. हँगरवर आधीच्या कामांची भाजलेली पावडर साचत गेली की हूक आणि भाग यांच्यामध्ये विद्युतरोधक थर तयार होतो, पावडर नीट ओढली जात नाही, आणि बंदूक धरणारा माणूस मग दाब वाढवत राहतो. पेटीच्या आतल्या कोपऱ्यांची अडचण वेगळी. विद्युतक्षेत्र कडांवर एकवटते आणि खोलगट भागात पोहोचत नाही, त्यामुळे बाहेरची कड शंभर मायक्रॉन आणि आतला कोपरा जेमतेम वीस, असे घडते. जाणकार माणूस दाब कमी करून, नोझल बदलून, आधी कोपरे भरून घेतो आणि मग बाहेर येतो. काही ठिकाणी घर्षणाने भार देणारी, टेफ्लॉनची नळी असलेली बंदूक यासाठी ठेवलेली असते. कोटिंगवाल्याकडे गेलात तर त्याचे ऑफिस पाहण्याआधी त्याचे हँगर पाहावेत, असे मी नव्या मुलांना सांगतो.

पैशाचा हिशेब करताना दरकिलो भावाची तुलना करून चालत नाही. पावडरीची विशिष्ट घनता दीड धरली आणि थर साठ मायक्रॉनचा धरला, तर एका किलोत सैद्धांतिकदृष्ट्या अकरा चौरस मीटरपेक्षा थोडे अधिक, म्हणजे जवळजवळ १२० चौरस फूट क्षेत्र झाकले जाते. हवेत उडून जाणारे त्यात काहीच नसल्यामुळे विकत घेतलेले सर्व द्रव्य धातूवर राहू शकते, आणि जे भागावर न बसता बूथमध्ये पडते तेही सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुकटी वेगळी करणारे यंत्र) व फिल्टरमधून गोळा करून, चाळून पुन्हा वापरता येते. ओल्या रंगाचा उडालेला फवारा पडद्यावर किंवा पाण्यात गेला की संपला. तरीही "९५ टक्क्यांहून अधिक वापर" हा जो दावा केला जातो, तो दिवसभर एकच रंग चालणाऱ्या कन्व्हेअर लाइनपुरता खरा आहे. आपल्याकडील लहान जॉबवर्कवाला दिवसातून चार-पाच वेळा शेड बदलतो. प्रत्येक वेळी बूथ, बंदूक, होज सगळे हवेने साफ करावे लागते, आणि पांढऱ्यात काळ्याचा एक कण राहिला तरी तो पत्र्यावर ठिपका होऊन उमटतो, कारण कोरडे कण ओल्या रंगांसारखे एकमेकांत मिसळून तिसरी छटा तयार होत नाही. त्यामुळे तो गोळा झालेली पावडर पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि तिची किंमत तुमच्या दरात धरतो. म्हणूनच दहा नग एका वेगळ्याच छटेत मागणाऱ्या ग्राहकाला दर जास्त पडतो.

छटांविषयी थोडे विषयांतर. पॅनेलच्या धंद्यात रंगाचे नाव कोणी सांगत नाही, आकडा सांगतात: ७०३२ किंवा ७०३५. ही जर्मनीतील आरएएल या पद्धतीची क्रमांकावली, १९२७ साली अवघ्या चाळीस रंगांनी सुरू झालेली. "आपला नेहमीचा ग्रे" एवढ्यावर पूर्वी कामे होत असत आणि भांडणेही होत. क्रमांकामुळे ती पुष्कळ कमी झाली. क्रमांक मात्र छटा सांगतो, चकाकी सांगत नाही, त्यामुळे ग्लॉसी, सेमीग्लॉस, मॅट की टेक्स्चर हे स्वतंत्रपणे लिहावे. पेट्यांसाठी मी स्वतः टेक्स्चर सुचवतो, कारण पावडरीखाली नेहमीची लांबी चालत नाही, ती भट्टीत टिकत नाही. वेल्डिंगची खूण, ग्राइंडरचे चर जसेच्या तसे वर दिसतात, आणि खरखरीत पोत ते बरेचसे झाकून घेतो.

फवारणीनंतर भाग भट्टीत जातो. साधारण शंभर अंशांच्या आसपास कण वितळून एकमेकांत मिसळतात आणि तापमान वर जाईल तसे रेझिन व हार्डनर यांची रासायनिक जोडणी होऊन एक जाळे तयार होते, जे पुन्हा तापवले तरी वितळत नाही. या जाळ्यामुळेच कडकपणा, आपटण्याला दाद न देण्याची ताकद, तेल आणि बऱ्याचशा रसायनांना तोंड देण्याचा गुण हे सारे मिळते. भट्टीतून काढलेला भाग थंड झाला की तो पूर्ण तयार असतो. त्याच संध्याकाळी कागद गुंडाळून टेम्पोत भरता येतो. रंग वाळण्यासाठी जागा अडवून ठेवावी लागत नाही, एकावर एक ठेवलेले दरवाजे चिकटत नाहीत. ज्यांच्या शेडचे भाडे चौरस फुटावर आहे त्यांना या एका गोष्टीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पावडरीच्या खोक्यावर "२०० अंश, १० मिनिटे" असे लिहिलेले असते, आणि बहुतेक गफलती याच ओळीभोवती होतात. ही अट धातूच्या तापमानाची आहे, भट्टीतील हवेच्या तापमानाची नाही. सव्वा मिलिमीटर पत्र्याची पेटी थोड्याच वेळात तापते. त्याच खेपेत टांगलेली वीस मिलिमीटर जाडीची फ्लँज हवेच्या कितीतरी मागे असते. दोन्ही एकाच वेळी बाहेर काढल्या, तर फ्लँजवरचा रंग चकचकीत, गुळगुळीत, पाहायला निर्दोष असतो, पण जोडणी अर्धवट राहिलेली असल्यामुळे बसवताना पान्याचा धक्का लागला की टवका उडतो. हे डोळ्यांना दिसत नाही. एमईके नावाच्या द्रावकात भिजवलेल्या कापसाने घासून पाहिले की कच्चा राहिलेला थर मऊ पडतो आणि कापसाला रंग येतो. ही चाचणी कोणालाही करता येते आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत, फक्त हातमोजे घालून आणि आगीपासून दूर करावी. याउलट भट्टीत फार काळ राहिलेला पांढरा रंग पिवळसर पडतो. जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या खेपांत भाजावेत, हे चलनावर स्पष्ट लिहून देणे मला अधिक सोयीचे वाटते.

पावडर निवडताना ग्राहक सहसा छटा पाहतो, रसायन पाहत नाही, आणि तेथे फसगत होते. इपॉक्सी पावडर धातूला घट्ट धरते, रसायनांना उत्तम तोंड देते, विद्युतरोधक म्हणून तर बसबारवरही (पॅनेलमधील वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरही) वापरली जाते; परंतु उन्हातील अतिनील किरणांपुढे तिचा टिकाव लागत नाही, चकाकी जाते आणि बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी लागते. इपॉक्सी आणि पॉलिएस्टर यांचे मिश्रण, ज्याला सगळे हायब्रिड म्हणतात, ते घरातील कपाटे, रॅक, ऑफिसचे फर्निचर यांना योग्य आहे. बाल्कनीची ग्रिल, फाटक, उघड्यावरचे पॅनेल, शेती अवजारांचे भाग यांना शुद्ध पॉलिएस्टरच हवे. तिन्ही पावडरी नव्या असताना सारख्याच दिसतात. उंच इमारतींच्या ॲल्युमिनियम दर्शनी भागांसाठी याहून वरच्या श्रेणी आहेत, आणि त्यांची प्रमाणके अमेरिकेतील फ्लोरिडाच्या उन्हात नमुने पाच किंवा दहा वर्षे ठेवून ठरवलेली आहेत. मुंबईतील मोठ्या प्रकल्पांच्या निविदांत त्यांचे क्रमांक असतात, पण आपल्या दोन खिडक्यांसाठी तो खर्च करण्याची गरज नसते.

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत कमी पाहिल्या जाणाऱ्या भागाकडे येतो. कोटिंगवाल्यांच्या पाट्यांवर "सेव्हन टँक प्रोसेस" असे असते. प्रत्यक्षात टाक्या सात, आठ किंवा नऊ असू शकतात, क्रम मात्र ठरलेला: तेल काढणारी गरम टाकी, पाणी, गंज काढणारे आम्ल, पाणी, पृष्ठभागाला फॉस्फेटसाठी तयार करणारी ॲक्टिव्हेशनची टाकी, झिंक फॉस्फेट, पाणी, शेवटचे पॅसिव्हेशन (फॉस्फेटचा थर पक्का करणारी धुलाई) आणि मग वाळवणी. झिंक फॉस्फेटचे बारीक स्फटिक पोलादाच्या पृष्ठभागावर रुजतात. पावडर वितळताना त्यांच्यामधल्या फटींत उतरते आणि घट्ट धरली जाते. शिवाय पुढे कधी रंगाला चरा पडला तर तेथून सुरू झालेला गंज थराखालून आडवा पसरण्याला हे स्फटिक अडथळा करतात. हे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. पावडरीचा थर जाड, अखंड आणि ताठ असल्यामुळे खाली गंज पसरत गेला तरी वरून बराच काळ काहीच दिसत नाही, आणि मग एके दिवशी उकडलेल्या अंड्याचे कवच निघावे तसा हातभर तुकडा सुटून येतो. ज्याने टाक्या वाचवल्या, नुसत्या थिनरच्या फडक्याने पत्रा पुसून पावडर मारली, त्याचे काम पहिल्या वर्षी झिंक फॉस्फेटवाल्याच्या कामापेक्षा वेगळे ओळखता येत नाही. दरातील फरक मात्र पहिल्याच दिवशी दिसतो, आणि ग्राहक स्वस्त दराकडे वळतो.

हा फरक मोजण्याची रीत आहे. रंगवलेल्या नमुन्यावर धातूपर्यंत चर पाडून तो पाच टक्के मिठाच्या, ३५ अंशांच्या धुक्यात ठेवतात आणि चराच्या दोन्ही बाजूंना गंज किती मिलिमीटर सरकला ते पाहतात. खरेदी आदेशांत ५०० तासांची अट अनेकदा असते. हे तास म्हणजे अमुक इतकी वर्षे, असा हिशेब काही विक्रेते मांडतात, तो मला पटत नाही. खऱ्या हवेत ऊन, पाऊस आणि कोरडेपणा यांचे चक्र असते, चाचणीच्या पेटीत ते नसते. दोन कोटिंगवाल्यांमध्ये किंवा एकाच कोटिंगवाल्याच्या दोन खेपांमध्ये तुलना करायला मात्र ती चाचणी चांगली. रोजच्या कामात ब्लेडने चौकटीच्या रेघा मारून त्यावर टेप चिकटवून ओढणे आणि जाडी मोजण्याचे यंत्र हाताशी असणे एवढे पुरते. जाडी कमी भरली तर कारण स्पष्टच असते. पण १२० मायक्रॉन भरली म्हणून खूश होऊ नये, कारण फार जाड थरात बारीक छिद्रे राहतात, संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो आणि वाकताना तो थर आधी तडकतो.

टाक्यांआधीची जबाबदारी आम्हा फॅब्रिकेशनवाल्यांची, आणि ती आम्ही पुष्कळदा कोटिंगवाल्यावर ढकलतो. लेझर कटिंगमध्ये ऑक्सिजन वापरला की कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा कडक पापुद्रा बसतो. पावडर त्या पापुद्र्याला चिकटते, पापुद्रा मात्र पोलादाला नीट चिकटलेला नसतो, आणि कड जशीच्या तशी सुटून येते. नायट्रोजनने कापले तर हा त्रास नाही, पण खर्च वाढतो. अन्यथा कड घासून किंवा आम्लात काढून घ्यावी. एचआर (गरम लाटलेल्या) पत्र्याच्या काळपट पापुद्र्याचेही तसेच, त्याला शॉट ब्लास्टिंग (पोलादी छर्‍यांचा मारा) किंवा नीट पिकलिंग (आम्लात धुणे) हवे. वेल्डिंगचे शिंतोडे चिकटू नयेत म्हणून जो स्प्रे मारतात त्यात सिलिकॉन असेल तर त्या जागी रंग खड्डे धरतो. धारदार कडेवर तर वितळलेली पावडर पृष्ठताणामुळे आत ओढली जाते आणि कड उघडी पडते, म्हणून बर (कापल्यावर राहिलेली धारदार कोर) काढून कड किंचित गोल करणे हे दिसण्यापुरते काम नाही, गंजाची सुरुवात नेहमी तेथूनच होते.

जाडीचा फायदा कधी कधी तोट्यात जातो, आणि तो ड्रॉइंग काढणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. छिद्राच्या भिंतींवर सत्तर मायक्रॉन बसले की व्यास ०.१४ मिलिमीटरने कमी होतो. पिन घट्ट बसणार असेल तर ती जात नाही. आट्यांच्या बाबतीत हिशेब आणखी वाईट आहे, कारण साठ अंशांच्या आट्यावर थराच्या जाडीच्या चौपट फरक पिच व्यासात पडतो: सत्तरचे २८० मायक्रॉन. नट फिरणारच नाही. म्हणून आट्यांना सिलिकॉनचे बूच किंवा उष्णता सहन करणारी टेप लावून मास्किंग करावे लागते, आणि ते हाताने करण्याचे काम असल्यामुळे त्याचे पैसे वेगळे पडतात. इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये याहून गंभीर मुद्दा अर्थिंगचा. हा थर उत्तम विद्युतरोधक आहे, म्हणजे दरवाजा आणि पेटी बिजागरीने जोडलेली दिसत असली तरी विजेच्या दृष्टीने ती जोडलेली आहेत असे धरून चालता येत नाही. अर्थिंगचा स्टड उघडा ठेवणे, दरवाज्याला स्वतंत्र वायर देणे आणि सातत्य मीटरने तपासणे हे करावेच लागते; नाहीतर सुंदर रंगवलेल्या पेटीचाही विजेचा झटका बसू शकतो.

कोकण आणि गोव्याच्या ग्राहकांना मी वेगळा सल्ला देतो. खाऱ्या वाऱ्यात साध्या पोलादावर केवळ पावडरीचा एक थर, टाक्यांतून नीट नेलेला असला तरी, मला पुरेसा वाटत नाही. मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील ग्रिल किंवा फाटक असेल तर हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवणे) करून त्यावर पॉलिएस्टर पावडर, किंवा निदान जस्तयुक्त अथवा इपॉक्सी पावडरीचा प्रायमर आणि त्यावर पॉलिएस्टर, असे दोन थर घ्यावेत. गॅल्व्हनाइझ केलेल्या वस्तूत अडकलेला वायू भट्टीत बाहेर येऊन रंगाला छिद्रे पाडतो, बिडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांतही तेच होते. त्यासाठी भाग आधी रिकामा तापवून घ्यावा लागतो आणि वायू सुटू देणारी पावडर वापरावी लागते. हे करण्याची तयारी नसलेल्या माणसाकडे ते काम देऊ नये. आणि एवढा खर्च करायचा नसेल, तर किनाऱ्यावर घासून, रेड ऑक्साइड मारून ऑइल पेंट देणे हेच मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण पावसाळा संपल्यावर घरचाच माणूस पॉलिश पेपर आणि ब्रश घेऊन ते पुन्हा ठीक करू शकतो.

पावसाळ्याचा त्रास पुणे-नाशिकलाही आहे. जुलैत कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येते, ड्रायर नसेल तर पावडरीच्या गुठळ्या होतात आणि बंदूक पिचकाऱ्या मारते. फॉस्फेटच्या टाकीतून काढलेला भाग वाळवणीच्या भट्टीत जायला उशीर झाला की त्यावर तांबूस झाक येते. उघडी पोती ओलावा धरतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या पावडरीची उलट अर्धवट चिकटून ढेकळे होतात. ज्याच्याकडे पावडर बंद, थंड खोलीत ठेवलेली असते, त्याचे बाकीचे कामही सहसा नीट असते.

पर्यावरणाच्या दाव्याविषयी मी सावध आहे. थिनरचा वास, त्याने कामगारांना होणारा त्रास, आगीचा धोका हे पावडरीने फार कमी केले, आणि ज्याने बंद शेडमध्ये ड्यूकोचे, म्हणजे थिनरच्या रंगाच्या फवारणीचे, काम केले आहे त्याला या सुधारणेची किंमत पक्की माहीत आहे. पण टाक्यांमधील आम्ल, फॉस्फेटचा गाळ आणि धुण्याचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न उरतोच. सांडपाण्यावर प्रक्रिया न करता नाल्यात सोडणाऱ्याची पावडर कितीही द्रावकमुक्त असली तरी काय उपयोग? भट्टीला इंधन लागते. हवेत दाट झालेली पावडर ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून बूथचा पंखा बंद ठेवून फवारणे धोक्याचे आहे. उन्हात टिकणाऱ्या पॉलिएस्टरमध्ये पूर्वी सर्रास वापरला जाणारा टीजीआयसी हा हार्डनर जनुकांना घातक असल्याचे युरोपात ठरवले गेल्यावर तेथे पर्यायी हार्डनर रूढ झाले. आपल्याकडे दोन्ही मिळतात. खोक्यावर काय लिहिले आहे ते वाचावे, आणि बंदूक धरणाऱ्याला साधा रुमाल नव्हे, योग्य मास्क द्यावा.

मग ओला रंग कोठे वापरावा? जे भट्टीत मावत नाही, किंवा ज्यात रबरी सील, बेअरिंग, वायरिंग आधीच बसलेले आहे आणि दोनशे अंश सोसणार नाही, तेथे पर्यायच नाही. मोठ्या शेडचे गर्डर, दुरुस्तीला आलेली यंत्रे, एखादा नग हव्या त्याच छटेत हवा असेल तर, ही सारी ओल्या रंगाची कामे आहेत, आणि त्यासाठी चांगला दोन घटकांचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग उपलब्ध आहे. शेकड्याने लागणारे, भट्टीत मावणारे, हाताळणीत आपटणारे भाग असतील तर मी पावडरच सुचवतो आणि चलनावर धातूचा प्रकार, टाक्यांची प्रक्रिया, पावडरीचे रसायन, आरएएल क्रमांक, चकाकी, जाडीची मर्यादा आणि मास्किंगच्या जागा लिहून देतो.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. साइटवर पॅनेल बसवताना चरा पडतोच, आणि तेथे भट्टी नसते. त्याच क्रमांकाचा पीयू रंग लहान बाटलीत भरून आम्ही मालाबरोबर पाठवतो. चरा बारीक ब्रशने, फक्त चऱ्यापुरताच भरावा, आजूबाजूला पसरवू नये, कारण छटा जुळली तरी चकाकी आणि पोत जुळत नाही आणि मोठा ठिगळ चऱ्यापेक्षा अधिक उठून दिसतो. धातू उघडा पडला असेल तर आधी इपॉक्सी प्रायमरचा एक थेंब द्यावा. टेक्स्चर फिनिशवर ही दुरुस्ती हातभर अंतरावरून दिसत नाही, गुळगुळीत ग्लॉसीवर दिसते, आणि हे ग्राहकाने रंग निवडण्याआधीच त्याला सांगून टाकलेले बरे.